अकरा मिनिटांची बॅटरी

आमच्या शाळेत नव्यानं रुजू झालेल्या बाईंनी परवा माझ्या टेबलावरचा कीबोर्ड उचलून पाहिला आणि हसत विचारलं, "गुरुजी, ह्याला नेलपॉलिश कुणी लावलं?" कीबोर्डच्या सात-आठ बटणांवर लाल ठिपके आहेत. काही पुसट झालेत, दोन मात्र अजून ठसठशीत आहेत. मी म्हटलं, "नेकनूरच्या जुबेदाभाभींनी." बाई आणखीच हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग मला वाटलं, इस्माईलभाईंबद्दल एकदा नीट सांगून टाकावं. ते जाऊन वर्ष होत आलं आणि अजून मी कुणाजवळ धड बोललेलो नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्याच आळसामुळं. आळस म्हणजे काम न करण्याचा नव्हे हो, काम संपवण्याचा. नांदूरघाटच्या शाळेत असताना मला मुलांसाठी गाणी करण्याचं खूळ लागलं. पाढ्यांचं गाणं, नकाशाचं गाणं. चाली मी पेटीवर बसवायचो. मग कुणीतरी सांगितलं की आता घरच्या घरी लॅपटॉपवर सगळा वाद्यवृंद करता येतो. झालं! लॅपटॉप आला, माईक आला, चार हजार आवाज असलेलं कायकाय आलं. नुसत्या बासऱ्याच दोनशे. मी एकेक बासरी वाजवून बघत बसायचो. पाढ्यांचं एक गाणं, तेही बे ते पाच एवढंच, त्याला मी दोन वर्षं लावली. बायको म्हणायची, "तुमची पोरं कॉलेजात जातील, तवर त्यांचा पाचाचा पाढा येईल." स्वातंत्र्यदिनाला ते वाजवायचं ठरलं होतं, ते दोन्ही स्वातंत्र्यदिनांना वाजलं नाही. दुसऱ्या वेळी हेडमास्तर चिडले आणि म्हणाले, "नेकनूरला इस्माईल रेडिओवाल्याकडं जा. तो एका सकाळी गाणं करून देतो."

एका सकाळी! मला त्याचा रागच आला. एका सकाळी काय गाणं होतं होय? भजी आहेत का ती?

तरी गेलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घर. पुढच्या खोलीत एकेकाळी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता भिंतींवर चारी बाजूंनी गोधड्या ठोकलेल्या, मधे एक जुना कॉम्प्युटर, आणि लोखंडी कपाटाची दारं काढून त्यात माईक उभा केलेला. गाणारा माणूस त्या कपाटात तोंड घालून गायचा. साठीचे, बारीक चणीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे इस्माईलभाई खुर्चीवर बसलेले. समोर गजराचं घड्याळ. मी लॅपटॉप उघडून माझ्या फायली दाखवल्या. त्यांनी नावं मोठ्यानं वाचली: "फायनल. फायनल दोन. खरंच फायनल. आता शेवटची. शेवटची नवीन." मग माझ्याकडं बघून अगदी काळजीनं म्हणाले, "गुरुजी, हे गाणं हाय का दुखणं हाय?"

त्या दिवशी मी चिडून उठणार होतो. तेवढ्यात आतून भाभींनी चहा पाठवला म्हणून बसलो, आणि बसलो तो पुढं सहा-सात वर्षं दर रविवारी जाऊन बसत राहिलो.

त्यांची काम करण्याची तऱ्हा त्या विजेनं घडवलेली होती. नेकनूरला लाईट अकराच्या सुमाराला जायची. मग कधी येईल ते तिचं तिला ठाऊक. भाईंजवळ एक जुनी बॅटरी होती, ती लाईट गेल्यावर कॉम्प्युटर अकरा मिनिटं चालवायची. बारा नाही. त्या बॅटरीला आधी कर्कश ओरडायची सवय होती, ती गाण्यात रेकॉर्ड व्हायला लागली म्हणून भाईंनी तिचं भोंगाड काढून टाकलं आणि त्या जागी एक लाल बल्ब बसवला. बल्ब लागला की भाई हात वर करायचे. हात वर झाला की गाणारा कुणी का असेना, थांबायचा. सेव्ह, बंद, उरलेलं उद्या. एकदा एक पुढारी आपल्या प्रचाराचं गाणं गायला आला होता, तोही थांबला.

"अकरा मिन्टांत आवरता आलं पायजे, येवढंच काम एका टायमाला हातात घ्यायचं," ते सांगायचे. "मंग लाईट गेली तरी माणूस रडत न्हाई."

सकाळी नवाला गायक यायचा असला की आठलाच सगळं मांडून तयार. कॉम्प्युटरवर त्यांनी एक कोरी फाईल करून ठेवलेली होती, तिला ते 'ताट' म्हणायचे. ढोलकी, तबला, पेटी, गळा, कोरस, सगळ्यांच्या ओळी आधीच आखलेल्या, नावं घातलेली, रंग दिलेले. गाणं आलं की त्या ताटात वाढायचं. आवाज एकूण सोळा. बाकीचे त्यांनी चक्क पुसून टाकले होते. मी माझ्या चार हजार आवाजांबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यातून निवडून निवडून तुमचा कान मरतो हो गुरुजी. गाणं करायला राहतो कोण मंग?" उंदराला हात लावायचा नाही, म्हणजे माऊसला. त्याच्यावर ते रुमाल टाकून ठेवायचे. सगळं बटणांवर. लागणारी बटणं दिसावीत म्हणून भाभींच्या बाटलीतल्या नेलपॉलिशचे ठिपके. ते भाभींनी स्वतः लावले होते, आणि लावताना म्हणाल्या होत्या म्हणे, "मेरे नखांसे जादा इस डब्बे का सिंगार हो रा है."

गजर वीस मिनिटांचा. ढोलकीला वीस, पेटीला वीस. गजर झाला की असेल तसं पक्कं करायचं, पुन्हा उकरायचं नाही. गळ्याचे तीन टेक. चौथा मागितला तर म्हणायचे, "चौथ्यात माणूस गात न्हाई, तिसऱ्याची नक्कल करतो." आणि गाणं झालं की ते पेनड्राइव्हवर घेऊन स्टँडवरच्या काळीपिवळी जीपवाल्याकडं जायचे. मांजरसुंब्यापर्यंत जाऊन यायचे. मागं कोंबलेल्या बारा माणसांतल्या एकानं जरी मान डोलावली तर गाणं पास.

माझं पाढ्यांचं गाणं त्यांनी तिसऱ्या रविवारी हातात घेतलं आणि त्याच सकाळी पूर्ण केलं. माझ्या दोनशे बासऱ्यांतली एकही त्यात नव्हती. मी फुगून बसलो होतो. जीपमध्ये एक म्हातारी बाई गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली, ती "पाच चोक ईस" असं पुटपुटायला लागली तेव्हा माझा सगळा राग उतरला. काय सांगू तुम्हाला, मला रडूच आलं.

असा हा माणूस. हातात घेतलेलं त्याच आठवड्यात हातावेगळं करणारा. फक्त एक काम त्यांचं वर्षानुवर्षं अडून होतं, आणि ते काम स्वयंपाकघरात होतं.

जुबेदाभाभी लग्नातली ढोलकगीतं गायच्या. मुसलमान घरांत हळदीच्या दिवशी बायका ढोलक घेऊन बसतात, विहीणबाईची, नव्या नवऱ्याची टर उडवतात, ती गाणी. भाभींना त्यांच्या नानीकडून आलेली तीसेक गाणी होती. आता लग्नात मोठमोठ्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढं ढोलक कोण ऐकतो? त्यामुळं ती गाणी भाभींच्या रोट्यांपाशी उरली होती. त्या पीठ मळताना गायच्या. आवाज जाडसर, किंचित फाटलेला, पण ठेका असा पक्का की ऐकताना आपण आपोआप पाय हलवायला लागतो. त्यांचं एक लाडकं गाणं होतं, विहीणबाईच्या बटव्यातली सुपारी शोधायचं. त्यात टोमण्याची ओळ येण्याआधी त्या ठेका एक क्षण सोडून द्यायच्या. त्या मोकळ्या जागेत पुढच्या खोलीतून भाईंनी "हौ, हौ!" अशी आरोळी ठोकायची. काम कितीही असो, समोर कुणीही बसलेलं असो. लग्न झाल्यापासूनचा रिवाज होता तो.

पण माईकसमोर म्हटलं की भाभी गप. "नक्को जी, मैं क्या रेडिओ हूं?" भाईंनी त्यांना एकदा त्या कपाटापुढं उभं केलं होतं. सवयीनं गजर लावला आणि म्हणाले, "चलो, तीन टेक." भाभींनी त्या घड्याळाकडं पाहिलं, भाईंकडं पाहिलं आणि चुलीवर दूध आहे म्हणून निघून गेल्या. दूधबीध काही नव्हतं. त्यानंतर चार महिने त्या रोट्या करतानासुद्धा गायल्या नाहीत. भाई मला म्हणाले, "चुकलं माझं. साऱ्यांचं ताट मी वाढतो, तिचं मी कसं वाढणार? ती तर मला वाढती."

चार महिन्यांनी गाणं परत सुरू झालं तेव्हा भाईंना मोह आवरला नाही. त्यांनी खिडकीच्या गजाआड माईक लपवला आणि सुपारीचं गाणं चोरून घेतलं. मी त्या रविवारी तिथंच होतो. ऐकवलं मला त्यांनी. इतकं सुरेख आलं होतं! मी म्हटलं, आता काळजी मिटली. तर भाई दुपारी जेवताना स्वतःच भाभींना सांगून बसले. पोटात ठेवता येईना त्यांना. भाभींच्या हातातला घास हातात राहिला. "पूछे बगैर?" एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. भाई ताटावरून उठले, पुढच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर ती फाईल पुसून टाकली. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. मी त्यांचा हात धरला होता हो! "अहो, ठेवा की कुठंतरी, त्यांना काय कळणारे?" ते म्हणाले, "तिला न्हाई कळणार. मला कळंल."

पुढचं सांगताना मला जरा जड जातं.

मांजरसुंब्याला किराणा दुकान असलेले एक अप्पा होते. शिवभक्त माणूस, दर श्रावणात भाईंकडं एक भजन रेकॉर्ड करायचे. त्या साली भजन झालं, जीपमध्ये वाजलं, आणि अप्पा कानावर हात ठेवून म्हणाले, "भाई, टाळ लई टोचतेत." जीपवालाही म्हणाला, "सुई घातल्यावानी व्हतंय." भाई ऐकत राहिले. मग हळूच मला विचारलं, "गुरुजी, टाळ खरंच लई वर हायेत?"

मी म्हटलं, "तुम्हाला नाही वाटत?"

घरी आल्यावर त्यांनी फाईल उघडली, सगळं बंद केलं आणि नुसते टाळ लावले. पडद्यावर रेघा नाचत होत्या. माझ्या कानात तर कळ जात होती. भाई त्या रेघांकडं बघत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांना टाळ ऐकूच येत नव्हते.

बीडच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो. उजवा कान जवळपास गेलेला, डावा चाललेला. बारीक आवाज आधी जातात, मग माणसाचं बोलणं, मग सगळंच. वर्षभर धरून चला, असं डॉक्टर म्हणाले. मशीन लावता येईल, पण मशीनमधून गाणं गाण्यासारखं येणार नाही. परतीच्या बसमध्ये भाई खिडकीपाशी बसले. नेकनूरला उतरताना म्हणाले, "जुबेदाला सांगू नका. तिला कळलं तर ती माझ्यासाठी गाईल. दया करून गाईल. तसलं मला न्हाई पायजे."

आता बघा, हा माणूस किती हट्टी! वर्षभरात कान जाणार, बायकोचा आवाज हा त्यांचा सगळ्यात लाडका आवाज, तो जवळ ठेवायचा तर आत्ताच ठेवायला हवा. आणि हा म्हणतो सांगू नका. मी भांडलो त्यांच्याशी. स्टँडवर उभं राहून भांडलो. दोन बसा गेल्या आमच्या भांडणात. पण शब्द दिला तो दिलाच.

त्या पावसाळ्यात त्यांच्या कामाचा वेग आणखी वाढला. लोकांना वाटलं भाई म्हातारपणी तरणे झाले. टाळ, घुंगरू असले बारीक आवाज ते मला ऐकायला सांगायचे आणि पडद्यावरची रेघ बघून बसवायचे. कपाटात गाणाऱ्याच्या ओठांकडं बघायचे. कुणाला कळलं नाही. मला मात्र दर रविवारी बसमधून उतरताना धास्ती वाटायची, की आज किती उरलंय?

दिवाळीनंतरचा एक रविवार. मी ओट्यावर बसून बूट काढत होतो. आत भाभी गात होत्या, सुपारीचंच गाणं. टोमण्याची ओळ आली, त्यांनी ठेका सोडला. भाई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेले मला दारातून दिसत होते. आरोळी नाही. भाभींनी ओळ पुन्हा घेतली, पुन्हा ठेका सोडला. काही नाही. गाणं तिथंच थांबलं. पिठाचे हात घेऊन भाभी दारात आल्या. भाईंची पाठ त्यांच्याकडं होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुनो जी." मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. तिसऱ्या हाकेला भाई वळले आणि हसून म्हणाले, "क्या? रोटी हो गई?"

भाभींनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बुटाकडं पाहिलं. माझं तोंड वाचायला त्यांना कितीसा वेळ लागणार? त्या नुसत्या "कबसे?" म्हणाल्या, आणि ते मला विचारलं होतं. मी सगळं सांगितलं. शब्द मोडला मी. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

बुधवारी जीपवाल्याबरोबर भाभींचा निरोप आला: गुरुजींना म्हणावं शाळेची रजा टाका आणि उद्या सकाळी या.

गेलो तर भाभींनी सगळं ठरवून ठेवलेलं. माईक कपाटात नाही, स्वयंपाकघरात. लांब वायर टाकून मी तो फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी बांधला. गजराचं घड्याळ त्यांनी उचलून पिठाच्या डब्यात ठेवलं. मला म्हणाल्या, "गुरुजी, मशीन तुमी बघा. हे माझ्या समोर बसतील." भाई कासावीस झालेले. "जुबेदा, मेरे वास्ते नक्को," असं काहीतरी म्हणायला लागले. भाभींनी त्यांच्या तोंडाकडं तोंड नेऊन, त्यांना ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "मेरेकू पूछे बगैर लिया था, वो तुमने मिटाया. मैं कुछ नै बोली थी, फिर भी मिटाया. तब से मेरे दिल में था, तुम पूछोगे बोलके. तुमने पूछाच नै."

भाई लहान तोंड करून म्हणाले, "गाओगी?"

"हौ," भाभी म्हणाल्या. "पयले रोट्या होऊंदे."

आणि खरंच त्यांनी आधी रोट्या केल्या! मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघतोय, साडेदहा, पावणेअकरा, अकराला लाईट जाणार. आयुष्यभर सगळ्यांना घाई शिकवणारा माणूस समोर मांडी घालून रोट्या मोजल्यासारखा बघत बसलेला. शेवटची रोटी उतरवून भाभींनी परात धुतली, पालथी घातली आणि तिच्यावर बोटं टाकली. बांगड्या वाजल्या. मी पुढच्या खोलीत पळालो आणि रेकॉर्डिंग चालू केलं. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ समोर दिसत होतं.

एक गाणं झालं, दुसरं झालं. प्रत्येक गाणं संपलं की मी थांबवून दोन लाल ठिपके दाबत होतो, म्हणजे ते जतन होत होतं, आणि लगेच पुढचं सुरू करत होतो. तिसऱ्या गाण्यात लाईट गेली. लाल बल्ब लागला. भाईंना तो बसल्या जागेवरून स्वच्छ दिसत होता. त्यांनी बल्बकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा हात मांडीवरून हलला नाही.

मी मनात मिनिटं मोजायला लागलो. तिसरं संपलं, जतन केलं. पाच मिनिटं उरली असतील. भाभींनी सुपारीचं गाणं धरलं. भाई पुढं सरकले आणि आपला उघडा तळवा परातीच्या दुसऱ्या कडेवर ठेवला. भाभींची बोटं या कडेला, भाईंचा तळवा त्या कडेला. टोमण्याची ओळ जवळ आली. भाभींनी ठेका सोडला. परात थरथरायची थांबली, आणि भाईंनी मान वर करून आरोळी दिली, "हौ, हौ!"

बरोबर जागेवर. भाभी गाता गाता हसल्या, ते हसूही आलंय त्यात. माझ्या डोळ्यांत पाणी, समोरची बटणं दिसेनात. लाल ठिपके तेवढे दिसले. गाणं संपलं तसे मी ते दाबले, आणि चौथं नाव यादीत चढलं न चढलं तोच पडदा काळा झाला.

भाभींना पत्ता नव्हता. त्यांनी पाचवं गाणं सुरू केलं. मी उठून दारात गेलो. हातानं खूण केली की बंद पडलं, बॅटरी संपली. सव्वीस गाणी अजून बाकी होती. पुढं हिवाळाभर जमेल तशी आम्ही ती घेतली, पण भाईंच्या तळव्यालाच तेवढी कळली, त्यांच्या कानाला नाही. पण हे नंतरचं. त्या दिवशी मी दारात हातवारे करत होतो आणि भाई माझ्याकडं बघत होते. त्यांनी ओठांनीच विचारलं, "चार आली?"

मी मान डोलावली.

परातीवरचा हात न काढता त्यांनी सरकून माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली. "मग बसा की गुरुजी," ते म्हणाले. "आता घाई कशापायी?"